गल्लीत जागा किती आणि पास किती

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी पहाटे साडेपाच वाजता आम्ही तिघांनी आमची गल्ली मोजली. सोबत माझा पुतण्या होता आणि भूमापन खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका होते. अंबाबाईच्या मंदिराकडे जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या अजून आत शिरलेल्या नव्हत्या, दूधवाला तेवढा येऊन गेला होता आणि काकांची जुनी पोलादी टेप अंथरायला रस्ता मोकळा होता. कोल्हापुरातल्या महाद्वार रोडच्या मागच्या बाजूला असलेली ही गल्ली ९६ मीटर लांब भरली. रुंदी एकसारखी नाही, हे आम्हाला रोजच्या येण्याजाण्याने ठाऊक होतेच, पण सर्वांत रुंद जागी ती ५.४ मीटर आणि मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यापाशी अवघी ३.९ मीटर आहे, हे आकड्यांत त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

गल्ली मोजण्याची वेळ का आली, ते आधी सांगते. मागच्या नवरात्रात ललिता पंचमीच्या संध्याकाळी माझ्या सासूबाईंना अचानक धाप लागली. रुग्णवाहिका पंधरा मिनिटांत आली, पण ती गल्लीच्या तोंडाशीच अडकली, कारण परगावची एक मोठी गाडी वळणावरच उभी होती आणि तिचा चालक कुटुंबासह दर्शनाच्या रांगेत होता. तालमीतल्या चार मुलांनी सासूबाईंना लाकडी खुर्चीवर बसवून त्या ९६ मीटरांतले बहुतेक अंतर उचलून नेले. त्या बऱ्या झाल्या आणि आज घरात हिंडतात-फिरतात. तो चालक रात्री परत आल्यावर घडलेला प्रकार समजून खरोखर ओशाळला आणि घरी येऊन सासूबाईंच्या पाया पडून गेला. त्याच्यावर माझा राग राहिलेला नाही. त्या रात्री एक गोष्ट मात्र मला झोपू देईना. ती परगावची गाडी तिथे नसती, तरी रुग्णवाहिका आमच्या दारापर्यंत पोहोचली नसती, कारण पुढे तीस मीटरवर रस्त्याच्या एका बाजूला शेजाऱ्यांची गाडी होती आणि तिच्या जवळजवळ समोर, दुसऱ्या बाजूला, आमची स्वतःची.

त्यानंतरच्या महिन्यांत पेठेत ‘रहिवासी पास’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. उत्सवाच्या दिवसांत मंदिर परिसरात बॅरिकेड लागले की राहणाऱ्यांना आधार कार्ड दाखवून आत यावे लागते, त्यामुळे कायमचा पास असावा ही मागणी नवी नाही. आता मागणी पुढे गेली आहे. गल्लीत फक्त गल्लीतल्यांनीच गाडी लावावी, पास नसलेल्या गाडीला जॅमर लागावा, असे लोकांचे म्हणणे आहे. मी या मागणीच्या बाजूची आहे. परंतु गल्ली मोजल्यापासून मला असे वाटते, की पास मागण्यापूर्वी प्रत्येक गल्लीने आपल्याकडे जागा किती आहे हे मोजून जाहीर केले पाहिजे, आणि जागेपेक्षा एकही पास जास्त दिला जाऊ नये.

आमचा हिशेब असा झाला. एका बाजूला उभी केलेली गाडी, भिंतीपासूनचे अंतर आणि आरसे धरून, दोन मीटर रुंदी खाते. रुग्णवाहिकेला निर्धास्त जाता यावे म्हणून तीन मीटर मोकळे ठेवायचे म्हटले, तर रस्ता किमान पाच मीटर रुंद हवा. अग्निशमन दलाची मोठी गाडीच सुमारे अडीच मीटर रुंद असते, त्यामुळे तीन मीटरांत तडजोड करण्याचे धाडस आम्हाला झाले नाही. ९६ मीटरांपैकी पाच मीटर किंवा अधिक रुंदी फक्त ५८ मीटर भागात आहे. त्यातून घरांची दारे, विजेचा खांब, पाण्याचा व्हॉल्व्ह आणि कचऱ्याची गाडी थांबते ती जागा मिळून १३ मीटर वजा केले. उरले ४५ मीटर. एका गाडीला पाच मीटर धरल्यास नऊ गाड्या बसतात. मग दुचाकी मोजल्या. गल्लीत त्या ५२ आहेत. त्यांपैकी चाळीस जिन्याखाली, सोप्यात किंवा बोळात आत घेता येतात, बारांना रस्त्याशिवाय जागा नाही आणि त्या बारांना दोन गाड्यांची जागा लागते. म्हणजे चारचाकीसाठी राहिल्या सात जागा. गल्लीतल्या घरांकडे असलेल्या चारचाकी मात्र सतरा आहेत.

सतराजणांना पास देऊन सात जागा दाखवल्या, तर रोज रात्री दहाजण फसवले जातील. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने नेमके हेच केले. तिथे रहिवाशांना पार्किंगचा परवाना मोफत मिळतो आणि संख्येवर मर्यादा नसते, म्हणून अनेक भागांत परवाने जागांपेक्षा कितीतरी अधिक झाले आणि लोक परवाना काचेला लावून जागेच्या शोधात फिरत राहिले. असा परवाना म्हणजे गाडी लावण्याची नव्हे, जागा शोधत फिरण्याची परवानगी ठरते.

आमच्याकडे प्रश्न खरे तर दोन आहेत आणि पासच्या चर्चेत ते नेहमी एकमेकांत मिसळतात. दिवसा गल्ली भरते ती बाहेरच्यांमुळे. त्यात दर्शनाला आलेल्यांच्या गाड्या आहेत, गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, खरेदीला आलेल्यांच्या आहेत आणि सकाळी दहा ते रात्री नऊ उभ्या राहणाऱ्या, आसपासच्या दुकानांतल्या कामगारांच्या दुचाकीही आहेत. रात्री साडेदहानंतर हे सगळे निघून जातात आणि तरीही गल्ली भरलेलीच असते, कारण तेव्हा आम्हीच घरी आलेले असतो. पासमुळे दिवसाचा प्रश्न बराचसा सुटेल. रात्रीचा प्रश्न पासने सुटणार नाही. तो आमच्या घराघरांतल्या गाड्यांच्या संख्येचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर दुसऱ्या कोणाकडे नाही.

बाहेरच्यांना मज्जाव करणे न्यायाचे आहे का, असे तालमीच्या बैठकीत एका ज्येष्ठ काकूंनी विचारले. ‘देवीला आलेल्या माणसाला आम्ही गल्लीत येऊ नको म्हणायचं? आपल्या चार घरांच्या चुली त्यांच्यावरच पेटत्यात की,’ असे त्या म्हणाल्या, तेव्हा कोणालाच लगेच उत्तर देता आले नाही. फुले-ओटीचे साहित्य, खण-नारळ, चपला, साज, यात्रीनिवासाच्या खोल्या, मिसळीची हॉटेले यांवर आमच्या पेठांचे पोट चालते, हे खरेच आहे. यावर विचार करताना मला आर्लिंग्टनचा खटला उपयोगी पडला. व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टन काउंटीत कार्यालयांत येणारे बाहेरगावचे नोकरदार शेजारच्या वस्तीत दिवसभर गाड्या लावून जात. स्थानिक प्रशासनाने कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत, त्या वस्तीतले पार्किंग रहिवासी, त्यांचे पाहुणे आणि तिथे सेवा देणारे यांच्यापुरते राखले. नोकरदारांनी हा भेदभाव असल्याचा दावा केला आणि राज्याच्या न्यायालयात ते जिंकलेही. परंतु १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. वस्तीतला गोंगाट, धूर आणि गर्दी कमी करणे हा उचित हेतू आहे आणि रहिवासी व बिगररहिवासी असा फरक करणे एवढ्याने अन्याय होत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. परदेशातला निकाल इथे लागू होत नाही, पण त्यातला विचार मला पटतो. आपण माणसाला अडवत नाही, त्याच्या गाडीला दुसरीकडे जागा दाखवतो. दर्शनाला येणारा बिंदू चौकात किंवा दसरा चौकात गाडी लावून दहा मिनिटे चालत येऊ शकतो. ज्या म्हातारीला खुर्चीवरून न्यावे लागते, तिचे घर मात्र हलवता येत नाही.

इथे कायद्याची बाजू स्पष्ट समजून घ्यायला हवी, कारण पेठेत तिच्याविषयी मोठे गैरसमज आहेत. आपल्या दारासमोरचा रस्ता आपला नसतो. दारात दगड, कुंडी, जुना टायर किंवा साखळी ठेवून जागा धरणे हे बेकायदेशीर आहे, मग ते चाळीस वर्षे चालत आलेले का असेना. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११७ नुसार गाड्या कुठे आणि किती वेळ उभ्या राहतील हे ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला किंवा त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेला आहे आणि तो स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वापरायचा असतो. धोका होईल अशा रीतीने गाडी सोडून जाण्यास कलम १२२ मनाई करते आणि अडथळा करणारी गाडी हलवण्याची तरतूद कलम १२७ मध्ये आहे. म्हणून एखाद्या मंडळाने रंगाचा डबा आणून पट्टे मारले आणि स्टिकर छापले, तर त्याला काडीचा अर्थ नाही. महापालिका आणि वाहतूक पोलीस यांनी मिळून रीतसर अधिसूचना काढली तरच पासला बळ येईल.

देशात या विषयाचा विचार झालेलाच नाही, असेही नाही. दिल्लीने २०१९ मध्ये पार्किंगसाठी स्वतंत्र नियम केले आणि एकेका वस्तीचा वेगळा पार्किंग आराखडा करण्याची पद्धत त्यात घातली. बेंगळुरूच्या २०२१ च्या धोरणात घरासमोरच्या रस्त्यावर गाडी लावण्यासाठी वार्षिक परवाना आहे. त्यात लहान गाडीला १,००० रुपये आणि सर्वांत मोठ्या गाडीला ५,००० रुपये असे दर सुचवले होते. पुण्यात २०१८ मध्ये पार्किंगचे धोरण मंजूर झाले, पण विरोधामुळे ते मोजक्या रस्त्यांवरच्या प्रयोगापुरते आकसले आणि पुढे रेंगाळले. पैसे द्यावे लागणार म्हटल्यावर लोक उठतात, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. टोलविरुद्ध या शहराने जे आंदोलन केले, ते सगळ्या राज्याने पाहिले. मीही त्या मोर्चात चालले होते आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. म्हणूनच पासच्या शुल्काविषयी बोलताना मी जबाबदारीने बोलते.

माझ्या मते पास मोफत असू नये. एक गाडी उभी राहण्यासाठी दोन मीटर बाय पाच मीटर, म्हणजे सुमारे १०८ चौरस फूट जागा लागते. दहा बाय दहाच्या खोलीपेक्षा ही जागा मोठी आहे. आमच्या पेठेत तशा खोलीत चौघांचा संसार भाडे देऊन राहतो आणि त्याच खोलीबाहेर तिच्याहून मोठी सार्वजनिक जागा एका गाडीला वर्षभर फुकट मिळते. गल्लीतल्या ३१ घरांपैकी अठरा घरांकडे चारचाकी नाही. त्या अठरा घरांच्याही हक्काच्या रस्त्याचा तुकडा आम्ही वापरणार असू, तर त्याचा मोबदला दिला पाहिजे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही पार्किंगचे शुल्क जागेच्या खऱ्या मोलाशी जुळणारे असावे असे म्हटले आहे. टोल आणि हे शुल्क यांत मला मूलभूत फरक दिसतो. टोल शहरात येण्याजाण्यावर होता आणि तो टाळण्याचा मार्ग सामान्य माणसाकडे नव्हता. पासचे शुल्क मात्र सार्वजनिक जागा स्वतःच्या वस्तूसाठी अडवून ठेवण्याबद्दल आहे आणि ज्याला ते नको असेल त्याला गाडी दुसरीकडे ठेवता येते. त्या पैशातून त्याच गल्लीतले दिवे आणि गटारी दुरुस्त होताना दिसल्या, तर विरोध बराच मावळेल असे मला वाटते.

सर्वांत किचकट भाग पुढेच आहे. पास कोणाला द्यायचा? घरफाळ्याच्या (घरपट्टीच्या) पावतीवर द्यावा, असे सहज म्हटले जाते. आमच्या शेजारच्या वाड्याची पावती अजून आजोबांच्या नावावर आहे, वाटणी झालेली नाही आणि त्या एका पावतीखाली चार चुली आहेत. पावती एक म्हणून पास एकच दिला तर तीन भावांवर अन्याय होतो, आणि चुलीला एक दिला तर सातपैकी चार जागा एकाच वाड्याला जातात. भाडेकरूंकडे पावती नसते, पण वीस वर्षे इथे राहणारा भाडेकरू मुंबईत स्थायिक झालेल्या मालकापेक्षा अधिक रहिवासी आहे, याबद्दल मला तरी शंका नाही. यात्रीनिवास चालवणाऱ्या घरांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्या पाहुण्यांच्या गाड्या या धंद्याच्या गाड्या आहेत, त्या रहिवाशांच्या पासमध्ये बसू शकत नाहीत, आणि हे स्पष्टपणे सांगताना मला वाईट वाटते कारण त्यांपैकी एक घर माझ्या मैत्रिणीचे आहे. गौरी-गणपतीला माहेरी आलेल्या मुलीची गाडी, आजाऱ्याची सेवा करायला येणारी नर्स, नळ दुरुस्त करणारा माणूस यांच्यासाठी काही दिवसांचे किंवा तासांचे पास लागतील. आणि पूर आला तर पास बाजूला ठेवावा लागेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी चढले, तेव्हा नदीकडच्या वस्त्यांतल्या लोकांनी आपल्या गाड्या उंचावरच्या पेठांत आणून लावल्या होत्या. तेव्हा कोणी कोणाला गल्ली विचारली नाही. ती रीत कोणत्याही नियमाने मोडता कामा नये.

पासचे क्षेत्र किती मोठे असावे, यावरही आमच्यात बरेच बोलणे झाले. संपूर्ण मंदिर परिसराला एकच पास दिला, तर दूरच्या टोकाला राहणारा माणूस मंदिराजवळच्या गल्लीत गाडी लावून खरेदीला जाईल आणि आम्ही होतो तिथेच राहू. म्हणून तीन-चार गल्ल्यांचा एक गट असावा, असे मला वाटते. आमच्या बाजूच्या एका गल्लीत तीन जागा मोकळ्या राहतात, दुसरीत आमच्यासारखीच टंचाई आहे. गट केला की अशा जागा वाटून घेता येतात. अंमलबजावणीचे म्हणाल, तर आमच्या वळणावरून क्रेन आत येत नाही, त्यामुळे गाडी उचलून नेण्याऐवजी जॅमर आणि दंड हाच मार्ग राहतो. पण जॅमर लावलेली गाडी तिथेच अडथळा होऊन बसते. म्हणून वळण आणि तोंडाच्या जागी लोखंडी खांब रोवून गाडी उभीच राहू नये अशी सोय करणे, माझ्या मते, कोणत्याही पासपेक्षा आधी व्हायला हवे.

रात्रीच्या प्रश्नाकडे परत येते. जपानमध्ये १९६२ पासून असा कायदा आहे, की गाडी ठेवायला रस्त्याबाहेर जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घेतल्याशिवाय गाडीची नोंदणी होत नाही आणि ती जागा आज घरापासून दोन किलोमीटरच्या आत चालते. मे २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या परिवहन मंत्र्यांनीही पार्किंगच्या जागेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असे धोरण जाहीर केले. हे ऐकून आमच्या पेठेत नाराजी पसरली आणि ती मला समजते, कारण गाड्या येण्याच्या कितीतरी आधी बांधलेल्या वाड्यांत वाहनतळ कुठून असणार? ज्याच्या नव्या इमारतीखाली जागा आहे त्याने गाडी घ्यावी आणि जुन्या पेठेतल्याने घेऊ नये, हे वरवर पाहता अन्यायाचे दिसते. पण जपानसारखी दोन किलोमीटरची सवलत धरली, तर मार्ग दिसतो. आमच्यापासून तेवढ्या अंतरात मोकळी मैदाने आहेत, सुट्टीनंतर ओस पडणारी शाळा-कचेऱ्यांची आवारे आहेत. ती रात्री आठ ते सकाळी आठ भाड्याने मिळाली, तर गल्लीतल्या दहा गाड्यांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. सकाळी उठून पंधरा मिनिटे चालत गाडीपर्यंत जावे लागेल, एवढेच.

जानेवारी-फेब्रुवारीत आणि नोव्हेंबरात मावळतीचे किरण महाद्वारातून आत जाऊन अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. त्या किरणांच्या वाटेत कोणती इमारत, कोणती टाकी, कोणता फलक येतो याची या शहराने पाहणी केली आहे, याद्या केल्या आहेत, त्यावर वर्षानुवर्षे चर्चा केली आहे. वाट मोकळी ठेवण्यासाठी इंच-इंच मोजण्याची सवय आम्हाला आहे, हे त्या रविवारी टेप गुंडाळताना माझ्या मनात येत होते.

मोजणीचा नकाशा आता काकांनी आलेखाच्या कागदावर काढला आहे. तालमीच्या भिंतीवर तो लावल्यापासून येणारा-जाणारा त्याच्यापुढे थांबतो आणि आपले दार शोधतो. महापालिका आणि वाहतूक शाखेला द्यायच्या अर्जाचा मसुदा तयार आहे. त्यात सात जागा, चारचाकी नसलेल्या घरांची संख्या, तीन मीटरांची मोकळी वाट, वळणावर खांब आणि तीन गल्ल्यांचा गट एवढ्याच गोष्टी आहेत. नकाशा लागल्यानंतरच्या आठवड्यात चार कुटुंबांनी आपली गाडी गल्लीबाहेर ठेवण्याची तयारी दाखवली. त्यांत आमचे कुटुंब आहे. आमची गाडी आता रंकाळा तलावाच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या आवारात महिना भाडे भरून असते. सतरांतून चार गेल्या, तेरा उरल्या आणि जागा सात. राहिलेल्या सहांपैकी दोघांनी विचार करून सांगतो म्हटले आहे, एकाने स्पष्ट नकार दिला आहे आणि तिघे येत्या रविवारच्या बैठकीला येणार आहेत.